अचानक ऐकू येईनासं झालं, आता रोजचं कसं निभवायचं? नाशिककरांसाठी मार्गदर्शक

मोठ्या वयात कान अचानक जातो तेव्हा बहुतेक जण दोनदा वाट बघत बसतात. आधी सर्दीने दडा बसला असेल म्हणून आठवडाभर थांबतात. मग नस गेली आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की कान परत येईपर्यंत फोन, नातेवाईक, बाजार, कामावर जाणं सगळंच लांबणीवर टाकतात. पहिल्या वाट पाहण्यात उपचाराची वेळ निघून जाते, दुसरीत माणूस घरात कोंडला जातो. मी स्वतः एका कानाने पूर्ण आणि दुसऱ्याने थोडा बहिरा आहे. नव्याने या वाटेवर आलेल्यांशी बोलताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. कानावर उपचार डॉक्टर करतील, पण ऐकण्याची व्यवस्था आपल्यालाच लावायची आहे, आणि ती उपचार चालू असतानाच, पहिल्या आठवड्यापासून लावायला घ्यायची. कान सुधारला तर उत्तमच, केलेलं काही वाया जात नाही.

आधी कान दाखवा, आजच

तीन दिवसांच्या, म्हणजे ७२ तासांच्या आत एका कानाचं ऐकणं घसरलं असेल तर ती तातडीची गोष्ट आहे. नसेचा हा बहिरेपणा बहुतेक वेळा एकाच कानाला होतो आणि दहापैकी नऊ जणांत नेमकं कारण सापडत नाही. उपचार मात्र आहे. स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा पडद्यातून मध्यकानात दिलेलं इंजेक्शन, आणि त्याचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त होतो. गोळ्यांनी पुरेसा फरक पडला नाही तर साधारण दोन ते सहा आठवड्यांच्या टप्प्यात इंजेक्शन देऊन बघतात. डायबेटिस असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, स्टिरॉइडने साखर चढते. ब्लड प्रेशर आणि अल्सरचंही सांगा.

मळ साठला आहे की नसेचा प्रश्न आहे, याचा अंदाज घरी घेता येतो. तोंड बंद ठेवून 'हं' असा सूर लावा. आवाज बिघडलेल्या कानात जास्त घुमला तर मळ किंवा पडद्यामागचं पाणी असण्याची शक्यता अधिक. चांगल्या कानात जास्त ऐकू आला तर नसेकडे बोट जातं. हा फक्त अंदाज आहे, यावर विसंबून घरी थांबू नका. कोमट तेल, लसणाचं तेल, कुणीतरी सुचवलेले थेंब, रस्त्यावर बसणाऱ्याकडून कान साफ करून घेणं, यातलं काहीही करू नका.

नाशिकमध्ये खाजगी ईएनटी डॉक्टर भरपूर आहेत. खर्च झेपणार नसेल तर त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, किंवा आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. सातपूर-अंबडच्या कामगारांचं ईएसआयचं कार्ड असेल तर सातपूरचं राज्य कामगार विमा रुग्णालय. केसपेपर काढतानाच 'परवापासून एका कानाने अचानक ऐकू येत नाही' असं स्पष्ट सांगा, तारखेसकट. नुसतं 'कान दुखतो' म्हटलंत तर रांगेत राहाल. आणि ओपीडीत नाव पुकारतात ते ऐकू येणार नाही, म्हणून खिडकीवरच्या माणसाला आधीच सांगून ठेवा की हात करून बोलवा.

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हायला हवा. पुढे बहुधा एमआरआय सांगतील, कारण क्वचित ऐकण्याच्या नसेवर साधी, कॅन्सर नसलेली गाठ असते आणि ती वगळावी लागते. एमआरआय म्हटल्यावर घाबरून जाऊ नका.

ऑडिओग्रामचा कागद वाचता आला पाहिजे

उजवा कान लाल रंगात गोलाने, डावा निळ्या रंगात फुलीने दाखवतात. डावीकडून उजवीकडे जाताना सूर जाड ते बारीक होतो. रेघ जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. मोठ्या माणसात २५ डेसिबलपर्यंत ठीक मानतात. रेघ उजवीकडे कोसळलेली असेल तर स, श, च, फ असे बारीक आवाज आधी गळतात. मग आवाज येतो पण शब्द कळत नाही, आणि घरचे म्हणतात, 'हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं.' कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि ती उतरती रेघ बोटाने दाखवा. पुष्कळ घरांतलं भांडण तिथेच मिटलेलं पाहिलं आहे. शब्द ओळखण्याची चाचणी झाली असेल तर तिची टक्केवारी विचारून घ्या, कानात घालायच्या मशीनचा किती उपयोग होईल हे त्यावर बरंच ठरतं.

सगळे कागद एका फायलीत, तारखेनुसार. मोबाइलमध्ये फोटो.

घर: शिट्ट्या, नळ, बेल

स्वयंपाकघर आवाजावर चालतं हे कान गेल्यावर कळतं. कुकरच्या शिट्ट्या मोजणं हा पहिला धोका. वरण-भाताला तीन शिट्ट्या हा हिशोब सोडून द्या आणि वेळेवर या. एकदा कुणाला तरी जवळ उभं करून आपल्या कुकरला तीन शिट्ट्यांना किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा, कागदावर लिहून ओट्याच्या वर चिकटवा, आणि मोबाइलचा टायमर व्हायब्रेशनवर लावून खिशात किंवा कमरेला ठेवा. शिट्टी सुटताना वाफ दिसते, म्हणून कुकर अशा बर्नरवर ठेवा की काम करता करता नजरेस पडेल. गॅस गळला तर वास येतो, पण बर्नर विझल्याचा किंवा दूध उतू जाऊन चुर्र झाल्याचा आवाज येणार नाही. गॅस चालू असताना ओटा सोडून बाहेर जायचं नाही, हा नियमच करा.

नळाचंही तसंच. पाणी यायच्या वेळी बादली भरायला लावून आपण हॉलमध्ये येतो आणि भरल्याचा आवाज आला की उठतो. आता टायमर. टाकीच्या मोटरला आपोआप बंद होणारा स्विच बसवून घ्या, कोणताही इलेक्ट्रिशियन बसवून देतो.

दाराच्या बेलला दिवा जोडता येतो. बटण दाबलं की हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये दिवा लुकलुकतो. तेवढा खर्च नको असेल तर अँड्रॉइड फोनमध्ये 'साउंड नोटिफिकेशन्स' ही सोय आहे. बेल, अलार्म, लहान बाळाचं रडणं असे आवाज ओळखून फोन थरथरतो आणि पडद्यावर लिहून दाखवतो. आयफोनमध्येही अशी सोय आहे. साधा मनगटी बँड फोनला जोडला तर थरथर हातावर येते, मग रात्री झोपेतही कळतं. सकाळच्या गजरासाठी हाच सर्वांत चांगला उपाय.

माणसांना सांगायचं कसं

लोक मदत करायला तयार असतात, पण काय करायचं ते त्यांना माहीत नसतं. 'मला ऐकू येत नाही' एवढंच म्हटलं की समोरचा ओरडतो. ओरडल्याने आवाज फाटतो, ओठ वेडेवाकडे होतात आणि शब्द आणखी कळेनासे होतात. म्हणून आपल्याला नेमकं काय हवं तेच सांगायचं. तीन छोटी वाक्यं पाठ करून ठेवा:

'मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजवीकडे या. सावकाश बोला, ओरडू नका.'

दुकानात, बँकेत, रिक्षात, नव्या माणसाशी पहिल्या दहा सेकंदांत हे बोलून टाका. लाज वाटते, हे खरं आहे. पण न सांगता अर्धवट ऐकून हो-हो म्हणत राहिलं तर लोक आपल्याला तुसडा समजतात किंवा भोळा समजतात, आणि ते जास्त जड जातं.

'काय?' हा प्रश्न शक्यतो टाळा. 'काय?' म्हटलं की समोरचा तेच वाक्य तसंच पुन्हा म्हणतो, आणि जो शब्द निसटला तोच पुन्हा निसटतो. त्याऐवजी जेवढं कळलं तेवढं उच्चारा आणि निसटलेला तुकडा मागा: 'शनिवारी मुंबई नाक्याला, हे कळलं. किती वाजता?' समोरच्याला फक्त एक शब्द द्यावा लागतो. दोनदा विचारूनही कळलं नाही तर 'वेगळ्या शब्दांत सांगा' म्हणा, तिसऱ्यांदा लिहून मागा. आकडे, वेळ, पैसे आणि औषधाचे डोस कायम लिहूनच घ्यायचे. सत्तावीस, सत्तावन्न, सत्त्याऐंशी हे अर्धबहिऱ्या कानाला एकाच घरचे वाटतात. आकडा सुटा करून विचारला की काम होतं: 'पाच आणि सात?'

ओठ वाचणं हळूहळू आपोआप जमू लागतं, पण त्याची मर्यादा ओळखून असा. प, ब, भ, म हे चारही आवाज ओठ मिटूनच निघतात, त्यामुळे 'पान', 'भान' आणि 'मान' चेहऱ्यावर सारखेच दिसतात. क, ख, ग तर घशाजवळ होतात, ओठांवर काहीच दिसत नाही. म्हणून बोलण्याचा विषय आधी माहीत असणं फार महत्त्वाचं आहे. जेवणाचा विषय चालू आहे हे माहीत असेल तर 'पान' बरोबर पकडलं जातं. घरच्यांना एवढंच सांगा की विषय बदलला की आधी त्याचं नाव घ्या: 'आता लग्नाचं बोलतोय.' याने जेवढा फरक पडतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने पडतो.

घरच्यांसाठी आणखी काही नियम फ्रिजवर लावून ठेवा. दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही, समोर यायचं. आधी हात लावून किंवा दिवा बंद-चालू करून लक्ष वेधायचं, मग बोलायचं. तोंडासमोर हात नको, घास तोंडात असताना बोलणं नको. टीव्ही आणि मिक्सर बंद करून बोलायचं. आणि 'जाऊ दे, काही नाही' हे वाक्य घरात बंद. या वाक्याने माणूस जितका तुटतो तितका बहिरेपणाने तुटत नसेल. विनोद असो की शेजारणीची गोष्ट, एकदा सुरू झाली की ती पूर्ण सांगायची, हवं तर दोन मिनिटांनी.

घरात सासूबाई किंवा आजी-आजोबा असतील तर तेही थोडं कमी ऐकत असतात. तिथे दोघांनी एकमेकांसमोर बसून बोलायची वेळ ठरवा. संध्याकाळचा चहा चालेल, टीव्ही बंद करून.

बसायची जागा हे अर्धं औषध आहे

एकच कान चालू असेल तर आवाज कुठून आला ते कळत नाही, कारण त्यासाठी मेंदूला दोन कान लागतात. गोंगाटातून एक आवाज वेगळा काढणंही अवघड होतं. त्यामुळे खोलीत शिरल्यावर आधी जागा निवडा, मग बसा. गेलेला कान भिंतीकडे, चांगला कान माणसांकडे. पाठ खिडकीकडे, म्हणजे समोरच्याच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. पंखा, एसी, स्वयंपाकघराचं दार यांपासून लांब.

गाडीत याचा विचार वेगळा करावा लागतो. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे असतो. उजवा कान गेला असेल तर त्याच्या शेजारी बसून त्याचं काहीच ऐकू येणार नाही. मागच्या सीटवर उजव्या कडेला बसा, म्हणजे सोबतचे सगळे डाव्या कानाकडे येतात. डावा कान गेला असेल तर ड्रायव्हरशेजारची सीट उत्तम.

मिसळ खायला जायचं असेल तर रविवारी सकाळी दहा वाजता गंगापूर रोडला जाऊ नका. तीच मिसळ आठवड्यात सकाळी आठला शांतपणे, कोपऱ्यातल्या टेबलावर खाता येते. चौघांपेक्षा जास्त माणसं नकोत. लग्नाच्या हॉलमध्ये स्पीकरच्या समोरची रांग टाळा आणि जेवायच्या पंगतीत ज्या एका माणसाशी बोलायचं आहे त्याला आपल्या चांगल्या कानाकडे बसवा. सगळ्यांशी बोलायचा अट्टहास सोडा, एकाशी नीट बोला.

ऐकण्यात आता डोकं लागतं, म्हणून दमायला होतं. दोन तासांच्या कार्यक्रमात अर्ध्या तासाने बाहेर जाऊन दहा मिनिटं गप्प उभं राहणं ही गरज आहे. यजमानांना आधीच सांगितलं की कुणाला वावगं वाटत नाही.

फोन

आधी मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटी उघडा आणि 'मोनो ऑडिओ' चालू करा. हेडफोनमध्ये दोन कानांना वेगवेगळा आवाज जातो. एक कान गेला असेल तर अर्धं गाणं, अर्धा संवाद गायब होतो. मोनो केलं की सगळं चांगल्या कानात येतं. हे कुणी आपणहून सांगत नाही, आणि सेटिंग अर्ध्या मिनिटाचं आहे.

दुसरं म्हणजे गूगलचं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब'. समोरचा बोलतो ते पडद्यावर अक्षरांत उमटतं, मराठीतसुद्धा. फोनचा माइक बोलणाऱ्याकडे, एका हाताच्या अंतरावर ठेवा. शांत खोलीत, एकटा माणूस बोलत असेल तर कामापुरतं नीट लिहितं. नावं, गावं आणि औषधं चुकवतं, रविवार कारंज्याच्या गर्दीत तर गोंधळ घालतं. डॉक्टरांच्या केबिनमध्ये, बँकेत, शाळेच्या पालकसभेत पुढच्या बाकावर बसून वापरण्यासारखं आहे. फोनवर बोलायचंच असेल तर एक फोन स्पीकरवर ठेवायचा आणि दुसऱ्यावर हे ॲप चालू करायचं.

कॉलपेक्षा व्हिडिओ कॉल बरा, कारण ओठ दिसतात. त्याहून व्हॉट्सॲपवरचा लेखी मेसेज बरा. आपल्या प्रोफाइलमध्ये लिहून ठेवा: 'कॉल नको, मेसेज करा.' व्हॉइस मेसेज पाठवणाऱ्यांना विनंती करा की मराठी कीबोर्डवरचा माइक दाबून बोला, तेच बोलणं अक्षरांत येतं. बँक, गॅस एजन्सी, कुरियर यांच्याकडे शक्य तिथे 'मेसेज पाठवा, कॉल करू नका' अशी नोंद करा. ओटीपी फोनवर ऐकायचा पर्याय घेऊच नका.

फोनमध्ये ११२ इंडिया हे सरकारी ॲप टाकून ठेवा. अडचणीत बटण दाबलं की बोलता-ऐकता न येताही मदतीची हाक ठिकाणासकट जाते. घरातला एक माणूस आणि इमारतीतला एक शेजारी, दोघांचे नंबर त्यात भरा.

मशीन

उपचार संपून कान जिथे स्थिरावेल तिथून मशीनचा विचार सुरू होतो. दुकानात जाऊन टीव्हीवरच्या जाहिरातीतलं मशीन उचलू नका. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाकडून, ऑडिओग्रामप्रमाणे लावून घ्या, आणि विकत घेण्याआधी ट्रायल मागा. ट्रायल शांत केबिनमध्ये घेऊन उपयोग नाही. मशीन कानात घालून खाली रस्त्यावर या, रिक्षावाल्याशी बोला, चहाच्या टपरीवर उभे राहा, मग ठरवा.

एक कान पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर साधं मशीन गेलेल्या कानात घालून फायदा होत नाही. त्यासाठी क्रॉस नावाची जोडी असते. गेलेल्या बाजूचा आवाज पकडून ती चांगल्या कानात पाठवते. दोन्ही कानांना मशीनचा उपयोग होत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, म्हणजे ऑपरेशनने आतल्या कानात बसवायच्या यंत्राबद्दल विचारा, ते मोठ्या माणसांतही करतात. खाजगी दर डोईजड वाटत असतील तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. १९८३ साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था. नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघालं तर तपासणी करून त्याच दिवशी परतता येतं. जायच्या आधी अपॉइंटमेंट घ्या आणि सोबत कुणाला तरी न्या.

पहिल्या दिवशी मशीन घातल्यावर भांड्यांचा खणखणाट, प्लास्टिकच्या पिशवीची चुरचुर, स्वतःचाच आवाज असह्य वाटतो. तिथेच बरेच जण मशीन डबीत ठेवतात ते कायमचं. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला घरात, एका माणसाशी बोलताना दोन तास. मग टीव्ही, मग रस्ता, शेवटी बाजार. काय खुपतं ते वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत ऑडिओलॉजिस्टला दाखवा. 'बरोबर वाटत नाही' म्हटलं तर तो काही करू शकत नाही. 'कुकरची शिट्टी टोचते, पण नातीचं बोलणं कळत नाही' असं म्हटलं तर तो नेमकं तेवढं बदलतो.

बॅटरीचा स्टिकर काढला की तिच्यात हवा शिरून ती चालू होते, म्हणून स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबा, मग मशीनमध्ये घाला. परत स्टिकर लावून बॅटरी वाचत नाही. पावसाळ्यात रोज रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. नाशिकचा जुलै-ऑगस्ट मशीनला फार वाईट.

रस्त्यावर

ज्या नसेवर ऐकणं असतं तिच्या शेजारीच तोल सांभाळणारी नस असते, त्यामुळे काहींना चक्करही येते. चक्कर असेपर्यंत गाडी चालवायची नाही, जिना कठड्याला धरून उतरायचा, रामकुंडाच्या ओल्या पायऱ्यांवर एकट्याने जायचं नाही, रात्री बाथरूमपर्यंत दिवा चालू ठेवायचा.

चालताना हॉर्न कुठून आला ते कळणार नाही. द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्याला तर हॉर्न चारही बाजूंनी असतात, म्हणून कानावर अजिबात भरवसा नको. सिग्नल हिरवा झाला तरी दोन्हीकडे मान वळवून बघा आणि दोघं-तिघं ओलांडत असतील त्यांच्याबरोबर ओलांडा. दुचाकीला दोन्ही आरसे हवेतच. हेल्मेटखाली कानामागचं मशीन शिट्टी मारतं, तेव्हा ते काढून कोरड्या डबीत ठेवा आणि आरशांवर चाला. सिटीलिंकच्या बसमध्ये पुढच्या स्टॉपचं नाव ऐकू येणार नाही. फोनवर नकाशा उघडा ठेवा आणि चढतानाच कंडक्टरला सांगा, 'शालिमारला हात करा.'

कामावर

कारखान्यात असाल तर सुपरवायझर आणि सेफ्टी ऑफिसर दोघांना लेखी कळवा. फोर्कलिफ्टचा हॉर्न आणि आगीचा भोंगा ऐकू येणार नाही, म्हणून फिरता दिवा आणि जबाबदारी घेणारा एक सहकारी मागून घ्या. उरलेला कान जपणं आता फार मोलाचं आहे. प्रेस शॉपसारख्या आवाजाच्या विभागात इअरप्लग किंवा मफ सोडू नका, आणि जमलं तर विभाग बदलून मागा. द्राक्षबागेत ब्लोअरने फवारणी करताना ट्रॅक्टरवर असणाऱ्यांनाही हेच लागू आहे. लासलगाव किंवा पिंपळगावच्या लिलावात बोली ऐकू येत नसेल तर मुलाला किंवा शेजारच्या शेतकऱ्याला सोबत न्या आणि सौदापट्टीवरचा आकडा डोळ्यांनी बघितल्याशिवाय ट्रॉली हलवू नका.

दुकानदारांनी साउंडबॉक्सवर विसंबू नये, पैसे आले का ते ॲपमध्येच बघावं. ऑफिसात असाल तर मीटिंगचा अजेंडा आदल्या दिवशी आणि ठरलेल्या गोष्टी नंतर मेलवर मागा.

सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम २० माहीत असू द्या. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याचा हुद्दा कमी करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं. कुणी 'राजीनामा द्या' असं सुचवलं तर सही करू नका.

दाखला

याच कायद्यात दोन्ही कानांचं ऐकणं ७० डेसिबल किंवा जास्त गेलं असेल तर 'बधिर' आणि ६० ते ७० असेल तर 'ऐकण्यास जड' धरतात. एक कान पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असला तर अपंगत्वाची टक्केवारी ४० च्या बरीच खाली राहते आणि बहुतेक सवलती मिळत नाहीत. हे आधीच माहीत असलं की हेलपाटे वाचतात. दोन्ही कान बाधित असतील तर स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग दाखला आणि ओळखपत्र, यासाठी अर्ज भरा, आधार, फोटो आणि ऑडिओग्राम जोडा, मग सिव्हिलमध्ये मिळालेल्या तारखेला तपासणीला जा. तिथे पुन्हा चाचणी होते. उपचार चालू असताना जाऊ नका, ऐकणं स्थिर झाल्यावर जा. ४० टक्के किंवा वरचा दाखला असेल तर जुन्या करपद्धतीत प्राप्तिकरात ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा वर असेल तर सव्वा लाखाची. मशीनसाठी केंद्राची एडिप योजना आहे, तिचीही चौकशी करा.

कान वाजणं आणि मन

गेलेल्या कानात शिट्टी, गुंई किंवा भुंगा फिरल्यासारखा आवाज राहतो. तो पूर्ण शांततेत वाढतो. म्हणून झोपताना पंखा किंवा पावसाच्या आवाजाची फाइल हळू लावा, इतकी हळू की शिट्टी झाकली जाणार नाही, फक्त एकटी राहणार नाही. काही महिन्यांत बहुतेकांचा मेंदू तो आवाज मागे टाकतो. कान वाजणं पूर्ण बंद करण्याची हमी देणाऱ्या औषधांवर पैसे घालवू नका.

रडू येणं, चिडचिड, लोकांना टाळणं हे होतं. गाणी आवडणाऱ्याला तर फारच लागतं. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी स्वतःच्या अचानक आलेल्या बहिरेपणाबद्दल जाहीरपणे लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की असं कुणालाही होऊ शकतं. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, बोलणं बंद असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर घरच्या माणसाने लावून विचारलं तरी चालतं.

ढोल, रंग आणि गर्दी

नसेचा बहिरेपणा आला की हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र एकदम टोचतो. मधली पायरीच निघून जाते. त्यामुळे नाशिक ढोल आता सोसत नाही याचं नवल नको. वाकडी बारवेपासून निघणारी गणपतीची मिरवणूक बघायची असेल तर वरच्या गॅलरीतून बघा, ढोलपथक आणि डीजेपासून लांब, कानात प्लग घालून. मशीन असेल तर ते काढून मग प्लग. रंगपंचमीला रहाडीकडे, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदाकडे जाणार असाल तर मशीन घरीच कपाटात. पाण्यात गेलेलं मशीन बहुधा हातचं जातं.

२०२७ च्या सिंहस्थात लाउडस्पीकरवरच्या सूचना ऐकू येणार नाहीत, हे गृहीत धरूनच निघा. घरातून निघताना भेटायची जागा आणि वेळ कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्या. जागा घाटावरची नको, बाहेरच्या रस्त्यावरचं ठळक दुकान किंवा चौक निवडा. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन चालू करा, पण गर्दीत नेटवर्क जातं म्हणून कागद हवाच. गळ्यातल्या कार्डावर ठळक अक्षरांत लिहा: 'मला ऐकू येत नाही. समोर येऊन हाताने खूण करा.' त्याखाली घरच्या दोन माणसांचे नंबर. पोलिस किंवा स्वयंसेवक हात वर करून थांबायला सांगत आहेत का, यावर नजर ठेवा आणि गर्दीच्या मध्यातून न चालता कडेने, चांगला कान माणसांकडे ठेवून चाला.